उड्यांची बाग आणि तिचं कुलूप

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासच्या मालकांनी मला एकदा विचारलं होतं, की चढता येतील पण बसता येणार नाही अशा पायऱ्या करता येतात का. मुलं वर्गात जायच्या ऐवजी पायऱ्यांवर बसून समोसे खातात, अशी त्यांची तक्रार होती. मी तशा पायऱ्या करून दिल्या. मुलं शेजारच्या दुकानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला लागली, आणि महिन्याभरात तो दुकानदार माझ्याकडे आला. त्यालाही तसल्याच पायऱ्या हव्या होत्या.

शहरातल्या मोकळ्या जागा आखायचं काम मी जन्मभर केलं. चौक, बागा, बसथांबे, शाळांची पटांगणं. लोकांना वाटतं आम्ही झाडं लावतो आणि बाक ठेवतो. प्रत्यक्षात आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण कुणावर तरी संशय घेऊन येतो. बाकावर कुणी झोपेल, कठड्यावर कुणी बसेल, भिंतीवरून कुणी आत येईल. मग आम्ही बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवतो, कठड्याला टोकं लावतो आणि त्याला सुशोभीकरण म्हणतो. माझे यजमान गमतीनं म्हणायचे, की तू जागा आखत नाहीस, माणसं हाकलतेस. मी हसून सोडून द्यायचे, पण त्यात खरं होतंच.

त्यामुळे निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना शहरातल्याच सोनागिरी भागातलं काम आलं, तेव्हा मला आधी त्यातली मेख काय आहे, हेच शोधावंसं वाटलं. तिथल्या मोठ्या कारखान्याच्या कामगार वसाहतीला लागून एक पडीक तुकडा होता. जुनी पाण्याची टाकी पाडल्यावर तिथे गाजरगवत आणि राडारोडा एवढंच उरलं होतं. तिथे तरुणांसाठी पार्कूरची बाग करायची, असं वॉर्डातल्या पुढाऱ्यांनी ठरवलं होतं. पार्कूर म्हणजे धावत, उड्या मारत, वाटेतल्या भिंती, कठडे, पायऱ्या अंगाच्या बळावर ओलांडत जाणं. त्यात गुलाटी आणि गिरक्यांची भर घातली, की फ्री रनिंग. म्हणजे ज्या माणसांना थांबवण्यासाठी मी आयुष्यभर टोकं लावली, त्यांच्यासाठीच आता मला भिंती बांधायच्या होत्या. मला वाटलं, चार दिवस बाग दाखवतील आणि मग तिथे दुकानं उठवतील. मी तसं विचारलंसुद्धा. उत्तर गोडच मिळालं, त्यामुळे संशय आणखी वाढला.

ज्यांच्यासाठी बाग करायची, त्यांनाही माझा भरवसा नव्हता. जवळच्या इंद्रपुरीत अशा उड्या मारणाऱ्या दहा-बारा जणांचा गट होता. त्यांचा म्होरक्या देवा. वडील वर्ध्याकडून येऊन कारखान्यात फिटर म्हणून लागलेले, त्यामुळे घरात मराठी. देवा दिवसा कुरिअरचं काम करायचा आणि संध्याकाळी एका जिममध्ये शिकवायचा. दुसरी रेश्मा, एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका. पहिल्या भेटीत देवा माझ्या नकाशाकडे बघत राहिला. रेश्मानं मात्र सरळ विचारलं, "मॅडम, ही बाग झाली की बाकीचं शहर आम्हाला बंद होणार ना? तुमची बाग तिकडे आहे, तिकडे जा, असंच म्हणतील ना सगळे?"

मी म्हटलं, तसं काही होणार नाही. माझं मलाच ते पटलं नाही, आणि तिलाही पटलेलं दिसलं नाही.

तरी ते आले. मला सोबत घेऊन त्यांनी शहरातल्या भिंती दाखवल्या. एखाद्या उद्यानाची भिंत मी सरळ रेघ म्हणून बघायचे. देवा आधी तिच्यावर तळहात फिरवायचा, मग कडेला बोटं लावून अंगाचा भार द्यायचा, मग पलीकडे जाऊन उतरायची जमीन बघून यायचा, आणि मग कुठे उडी मारायचा. हे लोक बेफिकीर असतात असा माझा समज होता. इतकी सावध माणसं मी बांधकामाच्या जागेवरही क्वचित पाहिली. प्रत्येक दगडावर संशय घ्यायचा, तो हलत नाही याची खात्री करायची, तेव्हाच पाय ठेवायचा.

त्यातून मला हे काम कळत गेलं. भिंतीची कड धारदार नको, नाहीतर नडगी सोलते. पण फार गोलही नको, नाहीतर बोटांना पकड मिळत नाही. उंची हळूहळू वाढत गेली पाहिजे, म्हणजे नवख्याला गुडघ्याएवढ्या भिंतीपासून सुरुवात करता येते. लोंबकळायची लोखंडी नळी हातात फिरता कामा नये. आणि आपल्या भोपाळात मे महिन्यात उन्हातली नळी तव्यासारखी तापते, म्हणून नळ्या कडुनिंबाच्या सावलीत घेतल्या. उत्तरेकडच्या भिंतींवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून उडी घ्यायच्या भिंतींना ऊन लागेल अशी तोंडं दिली. सगळ्यात जास्त विचार उतरायच्या जागेचा करावा लागला. उडी चुकली तर माणूस कुठे पडेल, तिथे काय असेल, हे भिंतीच्या आधी ठरवायचं.

कंत्राटदाराला मी भिंती खरबरीत ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. त्याला इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं. यात नक्की काहीतरी पाणी मुरतंय अशी त्याची समजूत झाली आणि त्यानं गुपचूप दोन भिंती छान घोटून गुळगुळीत करून टाकल्या, उद्या कुणी काम खराब म्हणून बोट दाखवायला नको म्हणून. त्या मी पुन्हा छिन्नीनं टोचून घेतल्या. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

बागेच्या चारी बाजूंची भिंत मी मुद्दाम छातीएवढीच ठेवली. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे. जे दिसतं त्याची भीती कमी होते, हे मला कामानं शिकवलेलं. रहिवासी समितीचे सचिव सक्सेनाजी यांना ते मान्य नव्हतं. ते कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झालेले. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडून बघण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. भिंत उंच करा आणि वर काचा लावा, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, ज्यांच्यासाठी बाग आहे त्यांना काचांचाही अडथळा व्हायचा नाही. हे बोलायला नको होतं. सक्सेनाजींनी तेवढंच वाक्य लक्षात ठेवलं.

बाग सुरू झाली आणि पहिले काही महिने बरे गेले. संध्याकाळी रेश्मा मुलींना पडायचं कसं ते शिकवायची. डोकं आत, खांद्यावरून लोळण, हात टेकायचा नाही. बघायला लोक जमायचे. समोरच्या इमारतीतले ठाकूरसाहेब रोज भिंतीला टेकून उभे राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, की इथे चोर तयार करण्याचं शिक्षण मिळतं. म्हणताना हसायचे, म्हणून आम्हीही हसायचो.

मग खरोखरच चोरी झाली. ठाकूरसाहेबांच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. घरातली माणसं लग्नाला विदिशाला गेली होती. परत आली तर मागच्या बाल्कनीचं दार मोडलेलं, कपाट उघडं, दागिने नाहीत. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. म्हणजे चोर बाल्कनीतून आला. बागेच्या एका कोपऱ्यातून ती बाल्कनी दिसते. पुढे कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही.

देवाला आणि त्याच्या गटातल्या सगळ्यांना ठाण्यात बोलावून विचारपूस झाली. कुणाविरुद्ध काही निघालं नाही, पण बोलावणं आल्याची बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. रेश्माच्या मुख्याध्यापिकांनी तिला, हे सगळं निवळेपर्यंत शाळेत येऊ नकोस असं प्रेमानं सांगितलं. देवाच्या जिममध्ये लॉकरला नवी कुलपं आली.

समितीची बैठक कडुनिंबाखाली भरली. मलाही बोलावणं होतं. सक्सेनाजींनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "मैडम, आप जानकार हैं. सीधा बताइए, आपके ये लड़के उस बालकनी तक पहुँच सकते हैं या नहीं?"

मी म्हटलं, जागा बघून सांगते.

जागा बघायला मी एकटी गेले असते तर बरं झालं असतं. मी देवाला सोबत नेलं. स्वतःशी म्हणत होते, की त्याच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाला नाही. पण त्याला नेण्याचं दुसरंही कारण होतं. चोरीच्या काही आठवडे आधी मी त्याला त्याच इमारतीच्या मागे उभा राहून वर बघताना पाहिलं होतं. तेव्हा विचारलं तर म्हणाला होता, उगीच बघत होतो. ते उगीच आता माझ्या मनात रुतून बसलं होतं. बाल्कनीखाली उभा असताना त्याचा चेहरा मला बघायचा होता.

इमारतीमागे आम्ही उभे राहिलो. मी वर बोट दाखवून विचारलं, काय वाटतं? देवा वर बघेना. तो माझ्याकडेच बघत राहिला.

"ताई, मी काय सांगू?" तो म्हणाला. "चढता येतं म्हटलं तर मी चोर. येत नाही म्हटलं तर खोटारडा. तुम्हीच सांगा, यातलं काय म्हणू?"

 तो माझ्या उत्तरासाठी थांबला नाही. मोटारसायकल सुरू करून निघून गेला.

मग मी ती बाल्कनी एकटीनं पाहिली. बघायला फार वेळ लागला नाही. तळमजल्यावर एसीसाठी लोखंडी स्टँड ठोकलेला. त्याच्या वर पहिल्या मजल्याच्या खिडकीला चोरांच्या भीतीनं बसवलेली, आडव्या पट्ट्यांची भक्कम जाळी. तिच्या वरच्या टोकाला छज्जा, आणि छज्ज्याच्या हातभर वर बाल्कनीचा कठडा. रहिवाशांनी एकेक करून, आपापल्या खर्चानं, चोरापासून बचाव म्हणून तयार केलेली ती अखंड शिडी होती. माझ्या वयाच्या बाईलाही थोड्या धापा टाकत पहिल्या मजल्यापर्यंत जाता आलं असतं.

पुढच्या बैठकीत मी हेच सांगितलं. देवाला तिथे चढता येईल का, तर हो, येईल. सक्सेनाजींनाही येईल. त्यासाठी बागेत जाऊन काही शिकायची गरज नाही. आडव्या जाळ्या काढून उभ्या गजांच्या बसवा, एसीचे स्टँड बाजूला सरकवा, असं मी सुचवलं. लोकांना ते अजिबात आवडलं नाही. ठाकूरसाहेब म्हणाले, की बाग मॅडमनी बांधली आहे, त्या दुसरं काय बोलणार. आणि चोर सापडेपर्यंत बागेला कुलूप लावायचं ठरलं. चावी सक्सेनाजींकडे.

आता छातीएवढ्या भिंतीच्या जागेला फाटकाचं कुलूप म्हणजे काय, हे सगळ्यांना दिसत होतं. सक्सेनाजींनाही दिसत होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कुलूप हा सापळा आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला त्यांनी कडेकडेनं चुन्याची भुकटी पसरून ठेवली होती. ही मंडळी आत उतरली की पाय उमटणार. मी त्यांना विरोध केला नाही. मलाही पाय बघायचे होते.

माझं घर तिथून लांब नाही. सकाळच्या फेरफटक्याची वाट मी बागेवरून करून घेतली. मंडळी रोज यायची. बाहेर रस्त्याच्या कडेला सराव करायची. फुटपाथच्या कडेवर तोल सांभाळत चालायची, दुभाजकावरून उड्या मारायची, मातीत लोळण घ्यायची. रेश्माही यायची. पलीकडे त्यांच्यासाठीच बांधलेल्या, त्यांच्याच तळहातांनी तपासलेल्या भिंती सावलीत उभ्या होत्या, आणि मधली भिंत ओलांडायला त्यांना एक श्वास पुरला असता. सक्सेनाजी बागेच्या दुसऱ्या बाजूच्या इमारतीतल्या आपल्या वरच्या व्हरांड्यात चहाचा कप घेऊन बसलेले असायचे. देवा मला बघून मान हलवायचा, बोलायचा नाही. चुना तसाच राहायचा. हिवाळा अर्धा सरला.

मग एका सकाळी सक्सेनाजींचा फोन आला. "निशान मिल गए," एवढंच म्हणाले.

मी गेले. जाताना भीती होती, पण खरं सांगायचं तर थोडा सुटकेचा भावही होता, की चला, एकदाचं कळलं. भिंतीजवळ चुन्यात पाय उमटले होते. पण ते बुटांचे नव्हते. चपलेचे होते, फरपटत टाकलेले. तिथून ते कण्हेरीच्या झुडपापर्यंत गेले होते आणि तसेच परत आले होते. देवाच्या गटातलं कुणी चपला घालून सराव करत नाही, हे मी सांगितलं. सक्सेनाजी वाकून ठसे बघत होते. उद्या लवकर या, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी त्यांच्या व्हरांड्यात बसले. त्यांच्या पत्नीनं पोहे दिले. खाली मंडळी जमून अंग मोकळं करत होती. एवढ्यात समोरून ठाकूरसाहेब आले, पायजमा, स्वेटर, कानटोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. मागे त्यांच्या पत्नी. भिंतीच्या कोपऱ्यात बाहेरून कुणीतरी विटा रचून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर चढून ठाकूरसाहेबांनी एक पाय भिंतीवर टाकला, पत्नीनं मागून आधार दिला आणि ते आत उतरले. कण्हेरीची फुलं तोडून पिशवीत भरली. देवपूजेला बाजारची फुलं त्यांना चालत नसत, हे पुढे कळलं.

परत येताना मात्र पंचाईत झाली. आत विटा नव्हत्या. आदल्या दिवशी ते बाहेर कसे आले कोण जाणे. कसेबसे भिंतीवर चढले आणि तिथेच अडकले, एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही हातांनी भिंत घट्ट धरलेली. पिशवी खाली पडली, फुलं रस्त्यावर सांडली. त्यांच्या पत्नी मदतीला हाका मारू लागल्या.

देवा आणि रेश्मा धावत गेले. आम्ही वरून बघत होतो. ठाकूरसाहेबांचा आतला पाय लोंबकळत होता, त्याला आतून कुणीतरी आधार देणं सोपं होतं. रेश्मानं भिंतीवर हात ठेवला. देवानं तिचा दंड धरून तिला थांबवलं आणि सक्सेनाजींच्या व्हरांड्याकडे एकदा नजर टाकली. मग तो बाहेरूनच, भिंतीला छाती टेकवून, ठाकूरसाहेबांशी हळू आवाजात बोलायला लागला. डावा हात इथे टेकवा. पोटावर या. खाली बघू नका, माझ्याकडे बघा. आता आतला पाय वर घ्या, सावकाश. ठाकूरसाहेब एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. शेवटी देवानं आणि रेश्मानं त्यांना दोन्ही बाजूंनी कवेत धरून जमिनीवर ठेवलं. रेश्मा खाली बसून फुलं गोळा करायला लागली. आत कुणाचं पाऊल पडलं नव्हतं.

सक्सेनाजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठले, खुंटीवरची चावी घेतली आणि खाली गेले. मीही मागे गेले. ठाकूरसाहेब मान खाली घालून आपल्या इमारतीत शिरले होते. सक्सेनाजींनी फाटक उघडलं. मंडळी जागची हलली नाही. मग सक्सेनाजींनी कुलूप आणि चावी देवापुढे धरली आणि म्हणाले, की आजपासून हे तुमच्याकडे राहू द्या.

देवानं हात पुढे केला नाही. "चाबी आप ही रखिए, अंकल," तो म्हणाला. "कल फिर कहीं कुछ हुआ तो पहले पूछेंगे, चाबी किसके पास थी."

सक्सेनाजींनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्या तोंडानं बोलणार होते? त्या दिवशी मी देवाला बाल्कनीखाली का नेलं होतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

चोर आजतागायत सापडलेला नाही. रेश्माला शाळेनं परत बोलावलं, पण ती गेली नाही. आता दुसऱ्या शाळेत आहे. आडव्या जाळ्यांपैकी काही निघाल्या, बऱ्याच तशाच आहेत. देवा माझ्याशी बोलतो, अजूनही ताई म्हणतो, नव्या बागेच्या आखणीबद्दल सल्ला विचारला तर मनापासून देतो. पण माझ्यासोबत कुठलीही इमारत बघायला येत नाही. एकदोनदा विचारून पाहिलं, काहीतरी काम निघालं त्याला.

बाग चालू आहे. चावी सक्सेनाजींकडेच आहे. रोज सकाळी ते स्वतः येऊन फाटक उघडतात. वय झालंय, गुडघे दुखतात, थंडीत उशीर होतो. तोवर सगळी मंडळी त्या छातीएवढ्या भिंतीबाहेर हात चोळत उभी असते, आणि म्हातारा जिना उतरून येईपर्यंत वाट बघते.